घरच्या पैशाची बोहनी

१५ जून १९९६, शनिवार. नळाला पाणी आलं होतं आणि मी ते भरत होते. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीला पाणी एक दिवसाआड यायचं, तेही थोडाच वेळ. त्यामुळे पाण्याच्या दिवशी सकाळी घरात दुसरं काम नसे. आधी मोठा ड्रम, मग पिंप, मग घागरी, आणि धार बारीक होत आली की पातेली आणि तांबे. आई आतून रिकामी भांडी पुढे सरकवत होती. मी पाइप धरून बसले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, दाराच्या खिळ्याला आरसा अडकवून दाढी करत होते. शनिवारी ते दाढी करत नसत, आणि त्या दिवशी तर वर अमावस्या होती. पण त्यांना मालकाकडून उचल घ्यायची होती, आणि दाढीचे खुंट ठेवून कुणापुढे हात पसरायचा नाही असं त्यांचं मत होतं.

उचल माझ्यासाठी होती. मी बी.कॉम. झाले होते आणि पुण्यातल्या एका कारखान्याच्या हिशोब खात्यात मला नोकरी मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. पहिला पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेनंतर. तोवर राहायला जागा हवी, जेवणाचा डबा हवा, बसचा पास हवा. ज्या बाईंच्या घरी कॉट मिळाली होती त्यांना दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून आधी हवं होतं आणि चालू महिन्याचं वेगळं. वाटखर्च सोडून, सगळं धरून अडीच हजार. नोकरी लागली की पैसे मिळतात हे सगळ्यांना माहीत असतं. नोकरीवर रुजू व्हायला आधी पैसे लागतात, हे पेढे वाटून झाल्यावर कळतं.

आईकडे साड्यांना फॉल लावून साठवलेले चारशे रुपये होते. सोयगावला मामाकडे निरोप धाडला. पेरणी तोंडावर होती, त्याचे पैसे बियाण्यात अडकले होते, हे आम्हालाही कळत होतं. त्याने नाही म्हणायच्या ऐवजी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी पाठवली. आईने ती पिशवी ओट्यावर ओतली आणि म्हणाली, "भावानं लाज राखली. आता पुण्याच्या बाईला डिपॉझिट म्हणून शेंगा मोजून दे."

मग उरलं दुकान. अण्णा औरंगपुऱ्यात एका साड्यांच्या दुकानात सेल्समन होते. सेल्समन हा शब्द नंतर आला. ते लागले तेव्हा त्यांना 'गादीवरचा माणूस' म्हणायचे. लग्नाच्याही आधीपासून ते तिथे होते. दुकानातले बाकीचे लोक दर वर्षी उचल घ्यायचे, कुणी बहिणीच्या लग्नाला, कुणी घराच्या पत्र्याला, आणि मग वर्षभर पगारातून कापून द्यायचे. अण्णांनी कधीच घेतली नव्हती. यात मोठेपणा होता असं मी म्हणणार नाही. आम्ही त्या पगारात बसेल एवढंच जगलो, इतकंच. पण त्यांना त्याचा अभिमान होता. मोठे शेठ गिऱ्हाइकांसमोर सांगायचे, की या माणसाने माझ्याकडे आजवर एक पैसा वरचा मागितला नाही. अण्णा मान खाली घालून साडीची घडी करत राहायचे, पण ते ऐकून घ्यायचे.

आदल्या दिवशी त्यांनी उचल मागितली आणि छोट्या शेठने, म्हणजे मोठ्या शेठच्या मुलाने, लगेच हो म्हटलं. "उद्या सकाळी घेऊन जा काका, त्यात काय." म्हणून मीही त्या दिवशी बरोबर निघाले. पैसे घ्यायचे आणि तसंच स्टँडवर जाऊन रविवारच्या पहिल्या गाडीचं रिझर्वेशन करायचं, असा बेत होता.

आईला हे सगळं पसंत नव्हतं. ती रडणारी बाई नव्हती, बोलणारी होती. डब्यात भाकरी ठेवता ठेवता ती म्हणाली, "लोक पोरीच्या लग्नाला उचल घेतेत. तुम्ही पोरीला घराबाहेर धाडायला घ्यायलात."

अण्णा म्हणाले, "मग लग्न करून काय घरातच ठेवतेत का?"

यावर आईला हसू आलं आणि ती आत गेली. अण्णा रोज सायकलवर जायचे. त्या दिवशी माझ्यामुळे रिक्षात बसले आणि सगळा रस्ता रिक्षावाल्याने घेतलेल्या वळणांवर नापसंती दाखवत राहिले.

इथे दुकानाचं थोडं सांगायला हवं. मोठे शेठ दोन वर्षांपूर्वी वारले होते. गल्ल्यावर आता त्यांचा मुलगा बसायचा. तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. शाळेत असताना तो सुट्टीत दुकानात यायचा आणि मोठे शेठ त्याला अण्णांच्या हवाली करायचे. मीटरपट्टी कशी धरायची, जरीची साडी कुठून उचलायची, गिऱ्हाईक उठेपर्यंत एकही साडी घडी करायची नाही, बाई 'बघून येते' म्हणाली तरी तिच्या चपला सरळ करून द्यायच्या, हे सगळं त्याला अण्णांनी शिकवलं. दुकानातले नियमही त्यांनीच शिकवले. त्यातला सगळ्यात पक्का नियम बोहनीचा. सकाळची पहिली विक्री होईपर्यंत गल्ल्यातून एक पैसाही बाहेर जाऊ द्यायचा नाही. सुट्टे मागायला शेजारचा आला, परत पाठवायचं. चहावाला आला, हिशोबात मांडून ठेव म्हणायचं. पहिलं गिऱ्हाईक मात्र रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, थोडं नुकसान झालं तरी चालेल.

आणि या नियमाला एक पोटनियम होता. दुकानातल्या माणसाच्या पैशाची बोहनी होत नाही. घरचा पैसा घरातच फिरला, तर ती विक्री कसली?

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, कारण ते माझ्यावरूनच एकदा ठरलं होतं. मी दुसरीत की तिसरीत असेन. शाळेत रुमाल सक्तीचा होता. आईने एक रुपया देऊन मला अण्णांबरोबर पाठवलं. दुकान नुकतंच उघडलं होतं. मी गल्ल्यापाशी जाऊन रुपया पुढे केला आणि रुमाल मागितला. मोठ्या शेठनी माझ्या हातात दोन रुमाल ठेवले आणि रुपया माझ्या फ्रॉकच्या खिशात परत टाकला. म्हणाले, "तुझ्या पैशाची बोहनी होत नाही बेटा. तू घरची आहेस." अण्णांनी ही गोष्ट पुढे कितीतरी वेळा सांगितली. दुकानाविषयी बोलताना ते 'आपलं दुकान' म्हणायचे. आई चिडवायची, की आपलं दुकान आहे तर एक पैठणी आणा की.

तर त्या शनिवारी आम्ही दुकानात पोचलो तेव्हा उंबऱ्यावर पाणी शिंपडून झालं होतं आणि उदबत्तीचा वास होता. छोट्या शेठने मला खुर्ची दिली, नोकरीबद्दल विचारलं, पुण्यात कुठे राहणार, कंपनी काय बनवते. चांगला बोलला. मग म्हणाला, "काका, तेवढी बोहनी होऊ द्या, लगेच देतो. फक्त एकच्या आत झालं पाहिजे. मला जालन्याला निघायचंय, सोमवारीच येईन."

अण्णा म्हणाले, "व्हय, व्हय. बोहनीआधी कसं?"

आणि ते आपल्या जागेवर जाऊन बसले. मी खुर्चीत. बाहेर नुसतं आभाळ होतं, पाऊस नव्हता.

कापडाच्या धंद्यातली माणसं सांगतील, जूनच्या मध्याइतके मेलेले दिवस वर्षात नसतात. लग्नं उरकलेली असतात. खेड्यातला पैसा बियाण्या-खताकडे गेलेला असतो. त्या वर्षी अमावस्येनंतर लगेच धोंड्याचा महिना लागत होता. त्यात जावयांसाठी खरेदी निघते, पण ती सुरू व्हायला अजून अवकाश होता. आणि अमावस्येला नवं कापड घ्यायला कोण बाहेर पडतं? रस्त्यावर भाजीवाल्यांची, फुलांची गर्दी होती, आमच्या पायऱ्या कुणी चढत नव्हतं. एक बाई आली, दारातूनच पाच-सहा साड्यांचे भाव विचारले, आणि म्हणाली की अमावस्या झाल्यावर सासूला घेऊन येते. अण्णांनी तिला बसवायचा फार प्रयत्न केला. सासूला आवडेल असा रंग काढून ठेवतो म्हणाले, आत्ता नुसता फॉल तरी घेऊन जा म्हणाले. इतकं कुणाच्या मागे लागताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. ती हसून गेली.

दोनदा चहा आला आणि दोन्ही वेळा मांडून ठेवला गेला. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. स्टँडवरची रिझर्वेशनची खिडकीही दुपारी बंद व्हायची.

बारा वाजायच्या सुमाराला दोन माणसं पायऱ्या चढून आली. दुकानातले सगळे सरळ बसले. मीही. त्यातल्या वयस्कर माणसाने चपला काढल्या नाहीत, तिथेच उभा राहून त्याने हळू आवाजात पांढरं कापड मागितलं. अण्णांना लगेच कळलं. ते उठले, खालच्या कप्प्यातलं ठाण काढलं, किती उंची होती एवढंच विचारलं आणि कात्री न लावता हाताने कापड फाडलं. त्या कापडाला कात्री लावत नाहीत आणि त्याचा भाव कुणी करत नाही. खरेदीला पडलं तेवढेच पैसे घ्यायचे, अशी त्या दुकानाची रीत होती. ते पैसे गल्ल्यात जात नसत. देवाच्या फोटोखाली एक पत्र्याचा डबा होता, त्यात पडत आणि महिनाअखेरीला अन्नछत्राला दिले जात. त्या माणसाने नोटा अण्णांच्या हातात दिल्या, कापड काखेत घेतलं आणि दोघं उतरून गेले.

अण्णा डब्याकडे वळले तेव्हा छोटा शेठ म्हणाला, "काका, आज हीच बोहनी धरू या का? मला उशीर होतोय. तुमचंही काम होईल. कुणाला काय कळतंय?"

तो भल्यासाठीच म्हणत होता. मला तर ते ऐकून सुटल्यासारखं झालं. मी उठूनही उभी राहिले. माझा अमावस्येवर विश्वास नव्हता आणि बोहनीवरही नव्हता, मला गाडी गाठायची होती.

अण्णांनी पैसे डब्यात टाकले. "नको," ते म्हणाले. "पोरगी पहिल्यांदा घर सोडून चाललीय. ह्या पैशावर नको."

त्यानंतरचा अर्धा तास फार वाईट गेला. छोट्या शेठने चाव्या काढून बाजूला ठेवल्या, ड्रायव्हरला गाडी पुढे लावायला सांगितली. अण्णा पायरीवर जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले. मी मनात हिशोब करत होते, की आईचे चारशे घेऊन जायचं, त्या बाईंच्या पाया पडायचं, आणि नाहीच ऐकलं तर परत यायचं. परत आल्यावर काय होणार तेही ठरलेलं होतं. वैजापूरकडच्या एका स्थळाला आईने अजून नकार कळवलेला नव्हता.

मग अण्णांनी एक गोष्ट केली. गळ्यातली मापाची टेप काढून त्यांनी खिळ्याला अडकवली. कोपऱ्यातल्या आपल्या चपला पायात घातल्या, पायऱ्या उतरून खाली गेले, आणि वळून पुन्हा वर चढले. गादीच्या कडेला, जिथे गिऱ्हाइकं चपला काढतात तिथे, चपला काढल्या आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला मांडी घालून बसले.

"शेठ," ते म्हणाले, "ब्लाऊजपीस दाखवा एखादा."

दुकानातला एक जण हसला आणि मग रस्त्याकडे बघायला लागला. अण्णा छोट्या शेठला एरवी कधी 'छोटे शेठ' म्हणायचे, कधी नुसतं 'बाळ'. शेठ म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

छोटा शेठ हसला. "काका, तुम्हीच काढा ना, तुम्हाला माहितीय कुठंय."

"नाय. गिऱ्हाइकानं काढायचं नसतं."

मग तो गल्ल्यावरून उठला, कप्प्यातून तीन-चार ब्लाऊजपीस घेऊन आला आणि त्याने ते अण्णांसमोर पसरले. अण्णांनी एकेक बोटाने चाचपून पाहिला. ते सगळे त्यांनीच पंधरा दिवसांपूर्वी गठ्ठ्यातून काढून लावले होते, त्यावरच्या किमती त्यांच्याच अक्षरात होत्या. डाळिंबी रंगाचा एक त्यांनी बाजूला काढला.

"केवढ्याला?"

"तुम्हाला काय सांगायचं काका... अठरा."

अण्णांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून वीसची नोट काढली आणि पुढे केली. दोन्ही हातांनी केली. छोट्या शेठने लगेच घेतली नाही. तो नोटेकडे बघत होता आणि अण्णा त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, ते उरलेल्या दोन रुपयांची वाट बघतायत.

मग त्याने नोट घेतली, कपाळाला लावली, गल्ल्याला टेकवली आणि आत टाकली. "चला, झाली बोहनी," तो म्हणाला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. त्याला खरंच आनंद झाला होता. त्याने ब्लाऊजपीस स्वतः कागदात गुंडाळला, दोन रुपये परत दिले, आणि मग पंचवीस शंभराच्या नोटा मोजून अण्णांच्या हातात ठेवल्या. उचलीच्या वहीत सही घेतली. दर महिन्याला दोनशे कापू म्हणाला, घाई नाही काका, सवडीनं. मला म्हणाला, पुण्याहून येशील तेव्हा पेढे आण. आणि खाली उतरून गाडीत बसला.

अण्णांनी पैसे मला दिले आणि म्हणाले, "पिशवीत नको ठेवू. आत ठेव." मग चपला उचलून कोपऱ्यात ठेवल्या, टेप गळ्यात घातली आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. पसरलेले ब्लाऊजपीस त्यांनी घडी केले.

मी पळत स्टँडवर गेले. खिडकी उघडी होती. खिडकीशेजारची सीट मिळाली. मी खूश होते, हे लिहायला हवं. घरी येताना मी टूथपेस्ट, साबण आणि एक छोटं कुलूप घेतलं. संध्याकाळपर्यंत बॅग भरून झाली.

अण्णा नेहमीच्या वेळेला आले. हातपाय धुतले, ताटावर बसले. आईने कागदातला तो ब्लाऊजपीस उघडून पाहिला आणि विचारलं, हे काय, आज कुठला सण? अण्णा भाकरी मोडत होते. बोहनी होत नव्हती, एवढंच म्हणाले. बाकीचं मी सांगितलं. मी ते गमतीने सांगितलं, चपला घालून खाली उतरणं, वर येणं, "शेठ, दाखवा एखादा" म्हणणं, सगळं हावभाव करून. मला वाटत होतं, अण्णांनी युक्ती लढवली आणि मालकाला त्याच्याच नियमात बसवून काम काढलं.

आई हसली नाही. तिने ब्लाऊजपीस खाली ठेवला आणि अण्णांकडे बघून विचारलं, "अन् त्यानं घेतले?"

अण्णा म्हणाले, "घेतले."

तिने त्यांना आणखी एक भाकरी वाढली, ती त्यांनी खाल्ली नाही. मी दुकानात होते, तो व्यवहार माझ्यासमोर झाला होता, पण तो काय होता हे मला आईच्या त्या प्रश्नावर कळलं. अण्णा नोट पुढे करून दोन रुपयांची वाट बघत नव्हते. ते ऐकायला थांबले होते, की काका, तुमच्या पैशाची बोहनी कशी होईल, तुम्ही तर घरचे. मग उचल मिळाली नसती तरी चाललं असतं का? माहीत नाही. मला वाटतं त्यांना दोन्ही हवं होतं. आधी त्याने नाही म्हणावं, आणि मग नियम मोडून पैसे द्यावेत. मोठ्या शेठनी तसं केलं असतं, अशी त्यांची खात्री होती. कदाचित मोठ्या शेठनीही केलं नसतं. मेलेल्या माणसाबद्दल अशी खात्री बाळगायला सोपी असते.

छोट्या शेठला मी दोष देत नाही. ज्यांच्याशी रक्ताचं नातं होतं त्यांनी शेंगा पाठवल्या होत्या, आणि याने एका शब्दावर पैसे दिले, व्याज न लावता. त्या पैशांवर मी पुण्यात उभी राहिले. गिऱ्हाईक समोर बसलं, नोट पुढे आली, त्याने घेतली. त्याला जे शिकवलं होतं त्यातलं अर्धं त्याच्या लक्षात राहिलं, बाकीचं राहिलं नाही. तेही त्याला अण्णांनीच शिकवलं होतं, म्हणून अण्णांना ते कुणाला सांगता येईना.

त्यानंतर अण्णा 'आपलं दुकान' म्हणाले नाहीत. 'शेठचं दुकान' म्हणायला लागले. पत्रात आई लिहायची, की हे आता वेळेवर जातात आणि वेळेवर येतात. पूर्वी ते वेळेआधी जायचे आणि कुलूप लागेपर्यंत थांबायचे. मी पगारातून मनीऑर्डर करत राहिले. दोनशे-दोनशे कापून देत बसण्याऐवजी अण्णांनी ते मनीऑर्डरचे पैसे साठवले आणि दिवाळीपर्यंत सगळी उचल फेडून टाकली. लक्ष्मीपूजनाला दुकानात गेले, प्रसाद घेतला, आणि पाडव्यापासून गेले नाहीत. कारण विचारलं तर गुडघे म्हणायचे. गुडघे दुखत होते हे खरं आहे. गादीवर बसणाऱ्या सगळ्यांचे दुखतात.

पुढची वर्षं ते घरी आईबरोबर साड्यांना फॉल लावत बसायचे. त्यांचा टाका आईपेक्षा बारीक होता आणि आईला ते आवडायचं नाही. गल्लीतल्या बायका साडी दाखवायला यायच्या. त्यांना ते सांगायचे, ही कुठल्या गावची, हिचा रंग जाईल की राहील. औरंगपुऱ्यात मात्र ते भाजीलाही गेले नाहीत.

ते वारले तेव्हा मी चाळिशीला आले होते. छोटा शेठ आला होता, त्याचेही केस आता पांढरे झाले होते. तो मागे भिंतीला टेकून बराच वेळ बसला. निघताना माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका असे एकदम दुकान सोडून का गेले, आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बाबांच्या वेळचे तेवढेच एक राहिले होते. मला फार राग आला होता तेव्हा. वाटलं, पोरगी कमवायला लागली, आता आपली गरज संपली."

त्याचे डोळे भरले होते. मी त्याला सांगू शकले असते. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. पण अण्णांनी जे त्याच्यासमोर नोट धरून मागितलं आणि तोंडाने कधी मागितलं नाही, ते त्यांच्या माघारी मी मागणं बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, त्यांचे गुडघे दुखायचे. तो मान हलवून गेला.

त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, अण्णा मला सोडायला मध्यवर्ती स्टँडवर आले. पहाटेचा गारवा होता. बॅग त्यांनी खांद्यावर घेतली होती आणि मला देत नव्हते. गाडी लागली तेव्हा आधी ते चढले, बॅग सीटखाली सरकवली, खिडकीची काच नीट वर-खाली होते का पाहिलं आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. मला रात्री झोप लागली नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अण्णा, उद्या दुकानात जाणार ना?"

ते म्हणाले, "जावंच लागंल की. कामाला हाय मी तिथं."

कंडक्टरने घंटी दिली. अण्णा गाडीबरोबर दोन-चार पावलं चालले आणि थांबले. मी हात हलवला, त्यांनी हलवला नाही, दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. गाडी वळून रस्त्याला लागली तेव्हा मी खिडकी लावली, शेजारच्या बाईला बॅगेवर पाय ठेवू नका म्हणून सांगितलं, आणि आईने दिलेला डबा उघडून खाल्ला, कारण ती म्हणाली होती की उन्हात भाजी टिकणार नाही.